बाजारातील वार्ता आणि न्यायालयाचे दप्तर

धान्याच्या बाजारात मालापेक्षा वार्ता लवकर फिरते. अमक्या व्यापाऱ्यास पोलिसांनी नेले, तमक्यावर खटला चालू आहे, असे शब्द सकाळी बुऱ्हाणपुरास निघाले तर दुपारी खकनारच्या दुकानांतून त्यांची चर्चा होते आणि दिवेलागणीपर्यंत त्या गृहस्थाची उधारी बंद झालेली असते. वार्ता खरी की खोटी, हे पाहण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. कारण ते पाहण्याची सोय सामान्य माणसास आहे, हेच पुष्कळांस ठाऊक नाही. वस्तुतः ही सोय कायद्यानेच केलेली आहे. ती कोठे व कोणत्या मर्यादेत आहे, याचा परिचय सभासद बंधूंना व त्यांच्या कुटुंबीयांना करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम अटकेविषयी. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्या ३७ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात, सहायक उपनिरीक्षकाहून कमी दर्जाचा नाही असा एक अधिकारी नेमून, अटक झालेल्या व्यक्तीचे नाव, पत्ता व आरोपाचे स्वरूप यांची नोंद त्याने ठेवावयाची असते. ही माहिती ठाण्यात व जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी ठळकपणे लावावी, असेही कलम सांगते. तेव्हा खकनारच्या ठाण्यात जाऊन नम्रपणे विचारणे हा कोणावर उपकार मागणे नव्हे. शिवाय अटक झालेल्याच्या आप्तास किंवा मित्रास कळविण्याचे बंधन ४८ व्या कलमाने अटक करणाऱ्यावर घातले आहे. घरच्या स्त्रियांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत आरोपीस न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, ही तर संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाचीच आज्ञा आहे. म्हणून एक दिवस उलटला की शोध ठाण्यातून न्यायालयाकडे वळवावा.

फिर्यादीची नोंद, म्हणजे प्रथम खबरी अहवाल, पाहणे आता अधिक सोपे झाले आहे. ७ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला की, हे अहवाल चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावेत. दुर्गम भागात ही मुदत बहात्तर तासांपर्यंत वाढू शकते. स्त्रियांवरील व बालकांवरील लैंगिक अत्याचार, दहशतवाद अशा नाजूक प्रकरणांस यातून वगळले आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र तपासानंतर पोलीस जे दोषारोपपत्र सादर करतात, ते अशा रीतीने सर्वांस खुले करता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ठरविले. अर्थात बाहेरच्या माणसाच्या हाती येते ती केवळ फिर्याद. आणि फिर्याद ही एका पक्षाची जबानी होय. खात्याची नावेची बाजू तेवढी वाचून आपण कोणी बाकी काढीत नाही.

न्यायालयाचे दप्तर ई-कोर्ट्स या नावाने मोबाइलवरही पाहता येते. पक्षकाराचे नाव, वकिलाचे नाव किंवा फिर्यादीचा क्रमांक यांवरून प्रकरण शोधता येते, आणि प्रत्येक प्रकरणास सोळा अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक असतो. तो एकदा मिळाला की तारखा व आदेश क्रमाने दिसतात. नावावरून शोधणे मात्र फसवे आहे. आपली नावे तेथे बहुधा रोमन लिपीत असतात, आणि एकच 'चौधरी' तीन-चार परींनी लिहिला जातो. शिवाय एका नावाचे दोन गृहस्थ आपल्या लहानशा तालुक्यातही सापडतात. वडिलांचे नाव व गाव जुळल्यावाचून कोणावर बोट ठेवू नये. 'निकाली' हा शब्द वाचून शिक्षा झाली असे समजणारेही आढळतात. निकाली प्रकरणात निर्दोष सुटका असेल, तडजोड असेल, लोक-अदालतीतील समेट असेल. शेवटचा आदेश उघडून पाहावा.

आता आपल्या व्यवसायास सर्वांत जवळचा विषय, न वटलेल्या धनादेशाचा. परक्राम्य संलेख अधिनियमातील १३८ वे कलम १ एप्रिल १९८९ पासून अमलात आहे. बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावयाची, ती पोचल्यावर देणेकऱ्यास पंधरा दिवसांची मुदत मिळावयाची, आणि तरीही रक्कम न आल्यास पुढील एका महिन्यात थेट न्यायालयात तक्रार करावयाची, असा त्याचा क्रम आहे. येथे पोलिसांत फिर्याद होत नाही. म्हणून ठाण्याच्या दप्तरात या प्रकरणाचा प्रारंभी मागमूस नसतो. पुढे आरोपी तारखेस हजर राहिला नाही म्हणजे वॉरंट निघते, शिपाई दारी येतो, आणि बाजारास तेवढेच दिसते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, धनादेश आपल्या खात्यात वटविण्यास टाकला असेल तर ज्या शाखेत घेणेकऱ्याचे खाते आहे तेथील न्यायालयात ही तक्रार चालते. आपला व्यवहार बुऱ्हाणपुराशी तसाच धारणी, रावेर, जळगाव यांच्याशीही. खकनारच्या व्यापाऱ्याने जळगावच्या पेढीस दिलेला धनादेश परत गेला तर प्रकरण जळगावास उभे राहील, आणि बुऱ्हाणपूर जिल्ह्याची यादी पाहणारास पाटी कोरी दिसेल. मोठी उधारी देण्यापूर्वी शोध घ्यावयाचा असेल तर त्या गृहस्थाचे घेणेकरी ज्या ज्या जिल्ह्यांत असतील, तेथपर्यंत तो न्यावा.

आपल्या शास्त्रात अठरा पापस्थानांत अभ्याख्यान, म्हणजे खोटा आळ घेणे, हे तेरावे आणि पैशुन्य, म्हणजे चहाडी, हे चौदावे सांगितले आहे. प्रतिक्रमणात त्यांचा उच्चार आपण करतो. आरोपी व अपराधी यांतील अंतर न पाहता बोलणे हे या दोहोंच्या किती जवळ जाते, याचा विचार ज्याचा त्याने करावा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक सरसकट करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावले आहे. त्यामुळे अटक झाली नाही म्हणून खटला नाही असे ठरत नाही, तसेच अटक झाली म्हणून दोषही ठरत नाही.

पतीचा किंवा भागीदारीचा प्रश्न असेल तेथे पडद्यावरील मजकुरावर न थांबता निकालाची प्रमाणित नक्कल घ्यावी. पक्षकारास ती शुल्क भरून मिळते. त्रयस्थास अर्जात कारण द्यावे लागते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज येथे टाकू नये. न्यायालयीन कागद त्या त्या उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागावेत, असा निर्णय ४ मार्च २०२० रोजी गुजरातच्या एका प्रकरणात झाला आहे. जुनी प्रकरणे शोधताना आणखी एक ध्यानात असावे. बुऱ्हाणपूर जिल्हा १५ ऑगस्ट २००३ रोजी झाला. त्यापूर्वी आपण खंडवा जिल्ह्यात होतो. त्या काळातील कागद बुऱ्हाणपुरास न आढळल्यास खंडव्याच्या अभिलेखागारात विचारावे, आणि जाताना निकालाचे वर्ष व दोन्ही पक्षांची पूर्ण नावे लिहून न्यावीत.