शवासन करा, पण गोळी सोडू नका

गेल्या पावसाळ्यात एका निवृत्त शिक्षकांना त्यांचा मुलगा रिक्षातून माझ्या दवाखान्यात घेऊन आला. उजवा हात लुळा पडलेला, तोंड वाकडे, बोलणे अडखळत. रक्तदाब २२०/१२०. त्यांना ताबडतोब मोठ्या रुग्णालयात हलविले. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, अण्णा दोन महिने रोज योगासनं करतात. बरं वाटायला लागलं म्हणून गोळ्या बंद केल्या." सकाळी शीर्षासनही चालू होते.

योगासनांमुळे त्यांना अर्धांगवायू झाला असे मी म्हणणार नाही. गोळ्या बंद झाल्या, रक्तदाब चढला आणि तो चढल्याचे त्यांना कळलेच नाही. या विकाराची खोड हीच आहे. बहुतेकांना ना डोकेदुखी, ना चक्कर. माणूस ठणठणीत हिंडत असतो. म्हणून 'बरे वाटते' हे माप येथे चालत नाही. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजावाच लागतो.

योगाचा उपयोग मात्र होतो. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकविले व १९६९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनेकांचा रक्तदाब उतरला. काहींची औषधे बरीच कमी करता आली. ती कमी केली डॉक्टरांनी, रक्तदाब मोजत मोजत, हे ध्यानात घ्यावे.

शवासनाला खर्च नाही, पण ते दिसते तितके सोपे नाही. पोट रिकामे असताना सतरंजीवर उताणे पडावे. पाय थोडे फाकलेले, हात अंगापासून दूर, तळवे वर, डोळे मिटलेले. पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल सोडीत जावे. श्वास संथ, पोट हलेल असा घ्यावा आणि लक्ष त्यावरच ठेवावे. मन दुकानाच्या उधारीकडे धावेलच. त्याला न रागावता परत आणावे. घोरू लागलात तर मात्र ती झोप झाली! रोज अर्धा तास, निदान काही आठवडे नेटाने करावे. ताण सुटला की नाडी मंदावते, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैलावतात.

रक्तदाब असणाऱ्यांनी शीर्षासन, सर्वांगासन, जोरजोराची भस्त्रिका आणि श्वास कोंडून धरणारे कुंभक टाळावे. ताटातले लोणचे-पापडही आवरावेत.

अण्णा आता काठी टेकत चालतात. शवासन करतात, गोळीही घेतात. दर महिन्याला माझ्याकडे येऊन रक्तदाबाचा आकडा वहीत टिपून नेतात. डाव्या हाताने लिहायला ते अजून शिकताहेत.