जन्माने कोणी चोर असतो काय?



या वेळच्या अभ्यासासाठी आम्ही यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील अठरावा अध्याय निवडला आहे. घरी पवित्र शास्त्र असेल तर आधी तो अध्याय वाचून काढावा, मग हा लेख वाचावा. बाबेलच्या बंदिवासातील लोक आपल्या दुःखाचे खापर पूर्वजांवर फोडत होते. बापाने केलेल्या पापाची शिक्षा मुलाला भोगावी लागते, असा अर्थ सांगणारी एक म्हणच त्यांच्यात रूढ झाली होती. देव संदेष्ट्याकरवी ही म्हण बंद करायला सांगतो. प्रत्येक जीव देवाचा आहे आणि ज्याचे पाप त्याच्याच माथी, असे तो बजावतो.

हा अध्याय आपण शिरूर आणि दौंड तालुक्यांत राहून वाचत आहोत. घोडनदीच्या काठापासून भीमेच्या पट्ट्यापर्यंत फासेपारध्यांची पाले आणि वस्त्या आहेत. काही गायरानावर आहेत, तर काही रस्त्याच्या कडेला. ते गावाजवळ राहतात, पण गावात नाहीत. गृहभेटींच्या वेळी आमच्या कानावर एक वाक्य नेहमी येते: ‘फादर, पारधी उतरलेत, कोंबड्या-शेळ्या सांभाळायला हव्यात.’ बोलणारी माणसे वाईट नसतात. पण हे वाक्य कुठून आले, याचा कधी विचार केला आहे काय?

ते एका कायद्यातून आले आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. सुतार जसा पिढ्यान्‌पिढ्या सुतार, तसा चोरही पिढ्यान्‌पिढ्या चोर, असा युक्तिवाद त्या वेळी करण्यात आला. आपल्याच जातिव्यवस्थेचे शिक्षण साहेबांनी चांगले घेतले होते म्हणायचे! प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झालेल्या या कायद्याची व्याप्ती १९११ साली मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. जमातीचे नाव यादीत आले की माणसाने काही केलेले असो वा नसो, पोलिसांच्या वहीत नाव नोंदवायचे, बोटांचे ठसे द्यायचे, ठरलेल्या वेळी हजेरी लावायची आणि परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणात मोठी वसाहत उभी राहिली आणि तेथील माणसे गिरण्यांत कामाला लावली गेली. १८९७ च्या दुरुस्तीने तर मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवण्याचा अधिकारही सरकारला दिला.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. अशा काही वसाहती ख्रिस्ती लोकांनी चालवल्या. उत्तरेत मुक्तिफौजेने हे काम सरकारकडून अंगावर घेतले होते. ती आपली कॅथलिक संस्था नव्हे, असे म्हणून सुटता येईल. पण कॅनडात तेथील मूळ रहिवाशांची मुले घरातून उचलून ज्या निवासी शाळांत ठेवली गेली, त्यांतील अनेक शाळा कॅथलिक संस्थांच्याच होत्या. दिवंगत पोप फ्रान्सिस २५ जुलै २०२२ रोजी मास्क्वासिस येथे जाऊन त्या लोकांसमोर क्षमा मागून आले. मुले वेगळी केली की जात सुधारेल, हा विचार दोन्हीकडे एकच होता.

पारधी मुळात कोण? पारध म्हणजे शिकार. फासे लावून तित्तर, लावे, हरणे धरणारा तो फासेपारधी. आपल्या पूर्व पुण्यातील माळराने ही त्यांची शेती होती म्हणा ना. मुठेचा कालवा आला, माळ मोडून ऊस लागला, जंगलांवर सरकारचा ताबा आला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच गुन्हा ठरली. प्राणी वाचायला हवेत, यात वाद नाही. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात आज चिंकारा दिसतो, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ज्याचा धंदा काढून घेतला त्याला दुसरा धंदा कोणी दिला? जमीन तर त्याच्या नावावर कधीच नव्हती.

रामोशी समाजाचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. गावाची राखण आणि किल्ल्यांचा पहारा हे त्यांचे वतनी काम. इंग्रजी अमलात ते हिरावले गेले, तेव्हा पुरंदर तालुक्यातील भिवडीचे उमाजी नाईक बंड करून उठले. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी दिले. पुढे हीच जमात गुन्हेगारांच्या यादीत गेली. गंमत अशी की, पुण्याच्या छावणीतले साहेब आपल्या बंगल्यावर रखवालदार म्हणून रामोशीच ठेवत. राखणदार म्हणून विश्वासाचा आणि जात म्हणून चोर, अशी ही दुहेरी वागणूक.

आता थोडे तत्त्वज्ञान, कंटाळू नका. माणूस जे करतो ते एक आणि माणूस जे असतो ते दुसरे. चोरी ही कृती आहे. तिला शिक्षा होते, तिचा पश्चात्ताप होतो, तिला क्षमाही मिळते. पण ‘हा जन्मतःच चोर’ असे म्हटले की आपण कृतीबद्दल बोलत नाही, स्वभावाबद्दल बोलतो. आणि माणसाचा स्वभाव घडवणारा देव आहे. म्हणजे आरोप पारध्यावर राहत नाही, तो निर्माणकर्त्यावर जातो. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देवाने मनुष्याला आपल्या प्रतिमेप्रमाणे घडवले असे आपण वाचतो. त्यात कोणतीही जमात वगळलेली नाही.

हा वाद चर्चमध्ये पूर्वीही झाला आहे. काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात, असे ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले होते. त्याचा आधार घेऊन स्पेनमधील सेपुल्वेदा नावाच्या पंडिताने अमेरिकेतील आदिवासींवरील सत्तेचे समर्थन केले. १५५० साली व्हायादोलिद येथे त्याच्याविरुद्ध उभे राहिले ते डोमिनिकन बिशप बार्तोलोमे दे लास कासास. त्याआधी १५३७ साली पोप पॉल तिसरे यांनी आदिवासी ही पूर्ण माणसे आहेत, त्यांचे स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावू नये, असे जाहीर केले होते. शिकवण होती, वसाहत करणाऱ्यांनी ती बासनात बांधून ठेवली.

आपल्या देशात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. म्हणून या जमातींना ‘विमुक्त’ म्हणतात. परंतु सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ साली, आणि शिक्का वेगळ्या नावाने राहिला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारे आले आहेत अशी अफवा मोबाइलवर फिरत होती, आणि फिरस्ता माणूस दिसला की अफवेला पुरावा लागत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातिभेदाविषयी निकाल देताना विमुक्त जमातींचाही विचार केला आणि त्यांच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, याची खबरदारी घ्यायला पोलिसांना सांगितले. कायदा जाऊन बहात्तर वर्षे झाल्यावरही हे सांगावे लागले.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातून येथे आली. कोणी रेल्वेत लागले, कोणी रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या कारखान्यात. आपल्या आजोबा-पणजोबांना गावाने कोठे बसवले होते, कोणत्या विहिरीवर पाणी नाकारले होते, हे घरोघरी माहीत आहे. म्हणून वेशीबाहेर राहणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

शेवटी एक कामाची गोष्ट. अनुसूचित जमातीचा दाखला काढायचा तर कुटुंब ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा मागतात. विमुक्त जातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. आपल्या अनेक घरांना अशा वेळी चर्चच्या बाप्तिस्मा-वहीतील जुनी नोंद उपयोगी पडते. ज्याच्या आजोबाला एका जागी स्थिर होऊच दिले नाही, त्याने कोणती वही दाखवायची? दाखल्यावाचून मुलाची शिष्यवृत्ती अडते, घरकुल अडते. धर्मग्रामात निवृत्त शिक्षक आहेत, सरकारी कचेऱ्यांत काम केलेले लोक आहेत, अर्ज कसा लिहावा हे त्यांना ठाऊक आहे. जवळच्या वस्तीवरील एखाद्या कुटुंबासोबत प्रांत कार्यालयात दोन-चार खेपा घालायची ज्यांची तयारी असेल, त्यांनी मिस्सानंतर आम्हांला भेटावे. यात कोणाला ख्रिस्ती करण्याचा प्रश्न नाही, हे वस्तीवर पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे. आणि जाताना जुने कपडे घेऊन जाऊ नये. शाळा सोडल्याचे दाखले, जुन्या पावत्या, मतदार यादीतील नावे असे जे काही त्यांच्याकडे असेल, ते आधी नीट बघून घ्यावे.