डोंगरातील गावांची सहल आणि आपला धंदा

सहलीला निघालेले कुटुंब नुसता डोंगर पाहून परत येत नाही. ते गाडी भाड्याने घेते, जेवते, मुक्काम करते आणि जाताना लेकरांसाठी काहीतरी विकत नेते. या खर्चावर धंदा कोणाचा होतो, हे आज पाहू.

लोंगजीचा धडा

दक्षिण चीनमध्ये क्वेईलिन शहराच्या उत्तरेला लोंगजीचे डोंगर आहेत. युआन राजवटीपासून (१२७१ ते १३६८) तेथील शेतकऱ्यांनी उतार खोदून पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे तयार केली. आज देशोदेशीची कुटुंबे ती पाहायला येतात. झुआंग आणि याओ जमातींचे गावकरी पाहुण्यांचे सामान पाठीवरच्या टोपलीतून वर नेतात, लाकडी घरांत त्यांना उतरवतात, बांबूच्या नळीत शिजवलेला भात वाढतात. याओ बाया आपले भरतकाम विकतात. दाझाई गावाला प्रवेश-तिकिटाच्या उत्पन्नातही वाटा मिळतो आणि तो खाचरांच्या लागवडीशी जोडलेला आहे. कारण उघड आहे. खाचरे पडीक राहिली तर पाहायला कोण येणार?

आपल्या राज्यातही अकोले तालुक्यातील पुरुषवाडी या डोंगरी गावात पाहुणे भातखाचरे आणि पावसाळ्याच्या तोंडावर काजवे पाहायला येतात व गावकऱ्यांच्या घरी जेवतात. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरणही मंजूर केले.

यवतमाळचे गणित

आपल्या जिल्ह्यात कापसाचा हंगाम सरला की बाजार थंडावतो. नेमक्या त्याच उन्हाळ्यात पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात वाघ पाहणाऱ्यांची वर्दळ असते. पावसाळ्यात ते बंद असते, तेव्हा उमरखेड तालुक्यात पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा भरून वाहतो. म्हणजे मंदीच्या दिवसांत गिऱ्हाईक आपल्या दारावरून जाते. ते थांबते का, हा प्रश्न आहे.

समजा, एका कुटुंबाने ६,००० रुपये खर्च केले: गाडी २,५००, मुक्काम २,०००, जेवण १,००० आणि वस्तू ५००. गाडी नागपूरची, हॉटेलमालक बाहेरचा, शिधा शहरातून आणलेला आणि खेळणी कारखान्यातली असतील, तर तालुक्यात उरते ती वाढप्याची आणि झाडूवाल्याची मजुरी. तेच सारे स्थानिक असेल, तर डिझेल व कच्च्या मालाचा खर्च वजा जाता बराचसा पैसा इथेच फिरेल. पाहुणे तेवढेच, फरक फक्त पुरवठा कोणाचा याचा.

कोणाला काय करता येईल?

१. पिंजारी व शिंपी: मुक्कामाच्या घराला गाद्या, रजया, उशा, अभ्रे लागतात. कापूस आपल्या जिल्ह्याचा आहे आणि हातात कसब आहे. वर्षातून एकदा उसवून पुन्हा भरून देण्याचा करार केल्यास काम कायमचे होते.

२. गाडीवाले व मेकॅनिक: दर ठरलेला व लिहिलेला असावा. पाहुण्याची एकदा फसवणूक झाली की तो दहा जणांना सांगतो.

३. बेकरी, किराणा व खानावळ: मुस्लिम कुटुंब जेवणाआधी ते हलाल आहे का, हे विचारते. चीनमध्ये हुई मुसलमानांच्या खानावळीवर 'छिंगचेन' अशी पाटी असते, त्यामुळे प्रवाशाला विचारावे लागत नाही. आपणही हलालची पाटी व दरपत्रक लावावे. शाकाहारी गिऱ्हाइकासाठी भांडी वेगळी ठेवावीत.

४. सुतार व लोहार: बाज, बाकडे, कंदील, विळ्या-खुरप्यांच्या लहान प्रतिकृती बनवाव्यात. कोलाम बांधवांच्या बांबूच्या टोपल्या विकायला ठेवाव्यात, पण त्यांना रोख आणि रास्त भाव देऊनच. त्यांचा माल पाडून घेऊन आपण चढ्या भावाने विकला, तर बाहेरच्या दलालात आणि आपल्यात फरक काय राहिला?

आर्णीच्या उरुसात दुकान लावणाऱ्या आपल्या बंधूंना चार दिवसांच्या गर्दीचा धंदा नवा नाही. मात्र उरुसाचे गिऱ्हाईक दरसाल येतेच, सहलीचे गिऱ्हाईक समाधान झाले तरच परत येते.

आमची सूचना अशी की, एकट्याने मोठे भांडवल गुंतवू नये. एकाच गावातील चार-पाच कारागीर व दुकानदारांनी बसून यादी करावी: पाहुण्याला काय लागते, त्यातले आज बाहेरून काय येते आणि आपल्यापैकी ते कोण देऊ शकतो. ज्या वस्तूपुढे आपले नाव लिहिता येईल, तिथून एका हंगामापुरती सुरुवात करावी आणि हंगामाअखेर जमाखर्च मांडूनच पुढचे पाऊल टाकावे.