घटक ५ : पडद्याविना नाट्य : ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेची ध्वनिनाट्ये

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर, दृश्य नसलेल्या नाटकात शब्द आणि ध्वनी यांच्यावर कोणता भार येतो हे तुम्हाला सांगता येईल, तसेच दर्शक सर्वनामे, संबोधने आणि क्रियापदांची रूपे यांचे श्रव्य संवादातील कार्य उदाहरणांसह स्पष्ट करता येईल. याखेरीज एक उद्दिष्ट असे आहे की ज्यावर परीक्षेत प्रश्न येणार नाही : एखादे ध्वनिनाट्य मनापासून आनंद घेत ऐकता यावे. माझ्या मते हे शेवटचे उद्दिष्ट साधले नाही, तर आधीची दोन्ही कोरडीच राहतील.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, संस्कृत साहित्यशास्त्राने काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन भाग केले व नाटकाला पहिल्या भागात बसवले, हे तुम्ही याआधीच्या अभ्यासक्रमात वाचले आहे. ही विभागणी शतकानुशतके बिनतक्रार चालली. नभोवाणी आल्यावर मात्र तिला तडा गेला, कारण पात्रे, संवाद, संघर्ष असे सर्व काही असलेले, परंतु डोळ्यांना काहीच न दिसणारे नाटक घराघरांत ऐकू येऊ लागले. मराठीत त्याला नभोनाट्य किंवा श्रुतिका म्हणतात. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधील टेकाडे भावजी श्रोत्यांना कधी दिसले नाहीत, तरी ते कसे बसत असतील, कसे हसत असतील, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

प्रस्तुत घटकात ज्या नाट्यांचा विचार करायचा आहे ती नभातून आलेली नाहीत. ती प्रथम ध्वनितबकड्यांवर विकली गेली आणि आता भ्रमणध्वनीवरही ऐकता येतात. म्हणून येथे ‘नभोनाट्य’ऐवजी ‘ध्वनिनाट्य’ ही संज्ञा वापरली आहे. ही नाट्ये इंग्रजीत आहेत, मग मराठीच्या अभ्यासक्रमात त्यांचे काय काम, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर ५.५मध्ये आहे.

५.३ मालिका बंद पडते, आवाज उरतो

‘डॉक्टर हू’ ही ब्रिटनमधील बीबीसीची मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. डॉक्टर हा परग्रहावरील प्रवासी. बाहेरून निळ्या पोलीस-खोक्यासारख्या दिसणाऱ्या, परंतु आतून अवाढव्य असलेल्या ‘टार्डिस’ नावाच्या यानातून तो काळात आणि अवकाशात भटकतो. मरणाच्या दारात पोहोचला की त्याचे शरीर बदलते, म्हणजेच नवा नट ती भूमिका करू लागतो. मालिका दीर्घकाळ टिकण्याचे हे एक साधे आणि चतुर कारण आहे.

या मालिकेचे ध्वनीशी नाते आरंभापासूनच घट्ट होते. रॉन ग्रेनर यांनी रचलेले शीर्षकसंगीत डेलिया डर्बीशायर यांनी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये ध्वनिफितीचे तुकडे कापून, जोडून सिद्ध केले. टार्डिसची घरघर ब्रायन हॉजसन यांनी पियानोच्या जाड तारांवर किल्ली घासून मिळवली. मालिकेतील डालेक या शत्रूंचा खरखरीत, तुटक आवाज ‘रिंग मॉड्युलेटर’ या उपकरणातून येतो. नटाचा आवाज सुमारे ३० हर्ट्झच्या कंपनाशी गुणला जातो आणि त्यातली माणुसकी जणू खरवडून निघते.

पुढे एक विपरीत गोष्ट घडली. त्या काळच्या प्रथेप्रमाणे बीबीसीने १९६०च्या दशकातील अनेक भागांच्या चित्रफिती पुसून टाकल्या. चित्रे गेली, आवाज मात्र उरले, कारण काही चाहत्यांनी प्रक्षेपणाच्या वेळी घरच्या ध्वनिमुद्रकावर ते टिपून ठेवले होते. हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी आज उपलब्ध आहे तो या हौशी माणसांमुळे. हे ध्वनिपट पुढे प्रकाशित झाले तेव्हा त्यांना निवेदनाची जोड द्यावी लागली. पात्रे गप्प असताना पडद्यावर काय घडत होते, ते सांगितल्याशिवाय कथा कळत नव्हती. हा मुद्दा अधोरेखित करून ठेवा. दृश्य मालिकेतून चित्र काढून घेतले की ध्वनिनाट्य उरत नाही. उरतो तो केवळ अर्धा राहिलेला दृश्यप्रकार. ध्वनिनाट्य मुळापासून वेगळे लिहावे लागते.

१९८९मध्ये मालिका बंद झाली. १९९६मध्ये पॉल मॅकगॅन यांना घेऊन एक दूरचित्रपट आला, परंतु त्यातून पुढे काही निघाले नाही. मग जुलै १९९९मध्ये ‘बिग फिनिश’ या निर्मितिसंस्थेने परवाना घेऊन ‘द सायरन्स ऑफ टाइम’ हे पहिले ‘डॉक्टर हू’ ध्वनिनाट्य काढले. निकोलस ब्रिग्ज यांनी लिहिलेल्या व दिग्दर्शित केलेल्या या नाट्यात पडद्यावर डॉक्टर साकारलेले तीन नट, पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर आणि सिल्व्हेस्टर मॅककॉय, पुन्हा त्याच भूमिकांत उभे राहिले. ‘उभे राहिले’ हा शब्द येथे लाक्षणिक, हे वेगळे सांगायला नको. या मुख्य मालेत २०२१पर्यंत २७५ नाट्ये निघाली.

५.४ न दिसण्याचा लाभ

पडदा नसणे ही उणीव आहे, असे गृहीत धरून आपण बोलतो. कॉलिन बेकर यांचे उदाहरण या गृहीतकाला धक्का देणारे आहे. त्यांनी १९८४ ते १९८६ या काळात पडद्यावर डॉक्टर साकारला. त्या डॉक्टरला दिलेला कोट असा भडक, ठिगळाठिगळांचा होता की दृश्यात दुसरे काही दिसू नये. स्वभावही भांडखोर लिहिलेला. पुढे त्यांना भूमिकेतून दूर करण्यात आले. ध्वनिनाट्यात कोट दिसत नाही. उरतो तो एका कसलेल्या नटाचा भारदस्त, हळवा होऊ शकणारा आवाज. २०००मधील ‘द मेरियन कॉन्स्पिरसी’ या जॅकलिन रेनर यांच्या नाट्यात त्याला एव्हलिन स्माइथ ही सहप्रवासी मिळाली. ही पन्नाशी ओलांडलेली इतिहासाची प्राध्यापिका. मॅगी स्टेबल्स यांनी ती साकारली. पडद्यावरच्या सहप्रवासी बहुधा तरुण मुली असत आणि डॉक्टरचे म्हणणे ऐकून घेत. एव्हलिन त्याला थांबवते, खोडते, वेळी दटावते. अशा श्रोत्यासमोर डॉक्टरचे बोलणे बदलते. वाद तोच, पण त्याला आता आदराचा सूर लागतो. ज्यांना पडद्यावरचा हा डॉक्टर आवडला नव्हता, त्यांतील अनेकांना तो कानांनी आवडू लागला. (पन्नाशीच्या प्राध्यापिकेला विश्वभ्रमणाला नेणाऱ्या लेखिकेविषयी प्रस्तुत लेखकाला आदर वाटावा, हे स्वाभाविक आहे.)

रॉबर्ट शिअरमन यांच्या नाट्यांकडे विशेष लक्ष द्यावे, असे मी सुचवेन. ‘द चाइम्स ऑफ मिडनाइट’ (२००२) नाताळच्या आदल्या रात्री एका जुन्या इंग्रजी वाड्यात, नोकरांच्या तळघरातल्या खोल्यांत घडते. घड्याळाचे ठोके पडतात, कोणी तरी मरते, काळ मागे सरतो आणि मेलेले माणूस पुन्हा कामाला लागते. पडद्यावर घड्याळ ही एक वस्तू असती. येथे ते पात्र आहे, कारण ध्वनिनाट्यात ज्याला आवाज आहे तेच अस्तित्वात असते. उलट, बोलणे थांबवलेले पात्र श्रोत्याच्या दृष्टीने खोलीतून निघून गेलेले असते. याच लेखकाचे ‘स्केर्झो’ (२००३) या नियमालाच विषय करते. पॉल मॅकगॅन यांचा डॉक्टर आणि इंडिया फिशर यांची चार्ली, एवढीच दोन माणसे. भोवती पांढरी, रिकामी पोकळी, जिथे काही दिसत नाही. आणि ध्वनीतूनच जन्म घेणारा एक जीव. अशा ठिकाणी पात्रांची स्थिती आणि श्रोत्याची स्थिती एकच होते. दोघांनाही कानांखेरीज आधार नाही. हे नाट्य पडद्यावर आणता येईल, असे मला वाटत नाही.

२००५मध्ये मालिका दूरचित्रवाणीवर परतली, तेव्हा या श्रव्य परंपरेने तिला बरेच दिले. त्या वर्षीचा ‘डालेक’ हा भाग शिअरमन यांनीच आपल्या ‘ज्युबिली’ (२००३) या ध्वनिनाट्यातील कल्पनेवरून लिहिला. ध्वनिनाट्यांत डालेकांचे आवाज देणारे ब्रिग्ज पडद्यावरच्या डालेकांचाही आवाज झाले. आणि २०१३मधील ‘द नाइट ऑफ द डॉक्टर’ या छोट्या भागात मॅकगॅन यांचा डॉक्टर अखेरच्या क्षणी आपल्या सोबत्यांची नावे घेतो. चार्ली, क्रिझ, लूसी, टॅमसिन, मॉली : यांपैकी एकही प्रेक्षकाने कधी पाहिलेले नव्हते. केवळ ऐकलेली माणसे डॉक्टरच्या गतायुष्यात खरी ठरली. श्रोत्यांच्या दृष्टीने तो क्षण किती मोठा होता, हे टेकाडे भावजींची सवय असलेल्या घरातील मंडळींना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

सर्वच नाट्ये या तोडीची नाहीत. काहींत धावपळ, स्फोट आणि किंकाळ्या यांचा असा गलबला होतो की कोण कोणावर धावून गेले, हे कळत नाही. काही नाट्ये जुन्या भागांतील संदर्भांवर इतकी विसंबतात की नवखा श्रोता दाराबाहेरच राहतो.

५.५ भाषेवरचा भार

आता भाषावैज्ञानिक मुद्द्याकडे वळू. दृश्य नाटकात पात्र ‘हे काय?’ असे विचारते आणि बोट दाखवते. ‘हे’ या दर्शक सर्वनामाचा अर्थ बोटाने पूर्ण होतो. ध्वनिनाट्यात बोट नाही. म्हणून नवशिका लेखक लिहितो : ‘अरे, तुझ्या उजव्या हातात हे गंजलेले पिस्तूल कशाला?’ माहिती पोहोचली, पण माणूस मेला. कारण पिस्तूल पाहणारा कोणीही असे बोलत नाही. ॲलन बार्न्स यांच्या ‘स्टॉर्म वॉर्निंग’च्या (२००१) सुरुवातीला एकटा असलेला डॉक्टर स्वतःशीच मोठ्याने बोलत बराच काळ प्रसंग वर्णन करतो. मॅकगॅन यांच्या वाणीने ते सुसह्य होते, तरी तेथील शिवण दिसतेच. चांगला लेखक वस्तूचे नाव न घेता तिचा परिणाम बोलण्यात आणतो. ‘ते खाली ठेव. आधी खाली ठेव, मग बोलू.’ या दोन वाक्यांत पिस्तूलही आहे आणि भीतीही.

इंग्रजी ध्वनिनाट्यात पात्रे एकमेकांना वारंवार नावाने हाक मारतात, कारण कोण कोणाशी बोलते, हे सांगण्याची अन्य सोय त्या भाषेत कमी आहे. मराठीत ‘अगं’ म्हटले की समोर स्त्री आहे. ‘अरे’ म्हटले की पुरुष आहे व जवळीक आहे. ‘अहो’ म्हटले की आदर किंवा अंतर आहे. बोलणाऱ्याचे लिंगही ‘मी आलो’, ‘मी आले’ यांतून कळते. श्रव्य नाट्यासाठी आपली भाषा अशी आधीच सज्ज आहे. मराठी ध्वनिनाट्याची सामर्थ्ये आपल्याला सहसा जाणवत नाहीत, कारण ती आपल्या अंगवळणी पडलेली आहेत. दुसऱ्या भाषेतील लेखकाची धडपड पाहिली की ती दिसू लागतात.

पण हेच सामर्थ्य अडचणही होऊ शकते. ‘स्टॉर्म वॉर्निंग’ ‘आर १०१’ या ब्रिटिश वायुनौकेवर घडते. ही नौका ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये कोसळली आणि ४८ माणसे मृत्युमुखी पडली. चार्ली पोलार्ड ही धाडसी तरुणी पुरुष सेवकाचे नाव व वेश घेऊन या नौकेवर चढलेली आहे. इंग्रजीत तिला फक्त आवाज आणि नाव सांभाळावे लागते. मराठीत मात्र प्रत्येक वाक्यात धोका आहे. ‘चहा घेऊन आलो, साहेब’ म्हणता म्हणता एकदा जरी ‘आले’ निघाले, तरी सोंग उघडे पडेल. कुशल मराठी लेखक या धोक्यातून इंग्रजीत शक्य नसलेला नाट्यमय क्षण काढील. घाबरलेली चार्ली ‘आलो’ म्हणेल, आणि डॉक्टरवर विश्वास बसल्यावर, काहीही खुलासा न करता, पहिल्यांदा ‘आले’ म्हणेल.

एव्हलिनच्या बाबतीत प्रश्न सर्वनामाचा आहे. डॉक्टर शेकडो वर्षांचा, पण दिसतो मध्यमवयीन. एव्हलिन त्याच्याहून वयस्कर दिसते आणि शिकवण्याचा पेशा असल्याने समोरच्याला विद्यार्थी समजण्याची तिला सवय आहे. ती त्याला ‘तुम्ही’ म्हणेल की ‘तू’? इंग्रजी मूळ पाठात याचे उत्तर नाही, कारण तेथे हा प्रश्नच उद्भवत नाही. मराठीत पहिल्या वाक्यापासून उत्तर द्यावे लागते. माझा कौल ‘तुम्ही’ला आहे, मात्र ती रागावली की ‘तू’. यावर अभ्यासकेंद्रातील संपर्कसत्रात मतभेद झाले तर ते स्वागतार्ह आहेत.

५.६ कसे ऐकावे

तुमच्यापैकी बहुतेकांचा दिवस नोकरी-व्यवसाय आणि घरकाम यांत जातो. या मालेतील बहुतेक नाट्ये सुमारे पंचवीस मिनिटांच्या चार भागांत विभागलेली आहेत, तेव्हा एका बैठकीत एकच भाग ऐकावा. पहिल्या वेळी हातात कागद घेऊ नये. दिवा मालवता आला तर उत्तम. इंग्रजी उच्चार काही ठिकाणी निसटले तरी थांबू नका. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन बसा आणि जे तुम्ही ‘पाहिले’ ते कोणत्या शब्दाने किंवा आवाजाने दाखवले, याची नोंद करा. या दोन श्रवणांचा क्रम उलटा करू नये. ज्याने आधी नोंदी केल्या, त्याला ते नाट्य पुन्हा कधी ऐकू येत नाही.

५.७ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न व उपक्रम

१. हरवलेल्या भागांच्या ध्वनिपटांना निवेदनाची जोड का द्यावी लागली? या उदाहरणावरून ‘दृश्य नाटकाचा ध्वनिपट’ आणि ‘ध्वनिनाट्य’ यांतील भेद स्पष्ट करा.

२. तुमच्या परिचयाच्या कोणत्याही मराठी श्रुतिकेतील दहा सलग संवाद निवडा. त्यांतील दर्शक सर्वनामे, संबोधने आणि लिंगदर्शक क्रियारूपे वेगळी काढा. त्यांपैकी कोणते काढून टाकल्यास प्रसंग कळेनासा होतो, ते सांगा.

३. चार्लीचे सोंग उघडे पडते तो प्रसंग मराठीत वीस ओळींत लिहा. निवेदकाचा उपयोग करू नये. ‘मुलगी’, ‘बाई’ व ‘स्त्री’ हे शब्द वर्ज्य. लिहून झाल्यावर घरातील कोणाला तरी डोळे मिटायला सांगून तो वाचून दाखवा आणि सोंग नेमके कोणत्या ओळीला उघडे पडले, ते त्यांना विचारा.