आखडलेले बोट : एका लहानशा व्यंगाविषयी

वार्षिक अहवालाच्या या पानांत जमाखर्चाखेरीज एखाद्या व्याधीची माहिती देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदा आम्ही पायाच्या बोटाचा विषय घेतला आहे. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि मधुमेही रुग्णाच्या बाबतीत हेच बोट पुढे कापून टाकण्याची वेळ येऊ शकते, म्हणून तो निवडला.

पायाचे बोट मधल्या सांध्यात वाकून वर उचलले जाते आणि त्याचे टोक खाली टेकते, तेव्हा ते हातोडीसारखे दिसते. डॉक्टर त्यास ‘हॅमर टो’ म्हणतात. आपल्याकडे ‘बोट आखडले’ एवढेच म्हणण्याची रीत आहे. बहुधा अंगठ्याशेजारचे, म्हणजे जोडव्याचे बोट आखडते. हे बोट अंगठ्याहून लांब असेल तर ती स्त्री नवऱ्यावर वरचढ ठरते, असा एक समज आहे. त्याचा निवाडा ज्याने त्याने आपल्या घरी करावा. परंतु लांब बोटास आखूड किंवा निमुळत्या बुटात वर्षानुवर्षे दुमडून राहावे लागते, हे मात्र खरे. जूनमध्ये घेतलेला शाळेचा बूट मुलाने वर्ष संपेपर्यंत ओढावा, ही काटकसर आम्हांस हिशेबाच्या दृष्टीनेही पटत नाही.

बोट सरळ राखण्याचे काम पावलातील लहान स्नायू करतात, तर पोटरीकडून येणाऱ्या लांब कंडरा ते ओढीत असतात. मधुमेहाने नसा दुर्बळ झाल्या की लहान स्नायूंचे बळ सरते आणि कंडरांची ओढ वरचढ होते. त्याच नसांनी वेदनाही जाणवावयाच्या असतात. त्यामुळे बोट वाकते, चपलेला घासते, त्यावर कुरूप धरते, कुरुपाखाली जखम होते, आणि रुग्णास यातले काहीच कळत नाही.

हा धडा वैद्यकशास्त्रास प्रामुख्याने कुष्ठरोगाने शिकविला. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, कुष्ठरुग्णांच्या तळपायाच्या जखमा मांस सडल्याने नव्हे, तर न कळणाऱ्या दाबामुळे होतात. वेदना नसल्यामुळे माणूस जखमेवरच चालत राहतो. आपल्या महाराष्ट्रात बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ १९४९ साली आनंदवन उभे केले, त्या काळी कुष्ठरुग्णाची आखडलेली बोटे पाहून समाज मान फिरवीत असे. पुढे मऊ सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल अशा पायांसाठी रूढ झाली. आज तीच चप्पल मधुमेही पायाच्या कामी येते. काही रुग्ण ‘ती कुष्ठरोग्यांची चप्पल’ म्हणून नाकारतात, याचे आम्हांस वाईट वाटते.

उपचार ठरविताना पहिला प्रश्न एकच असतो : बोट हाताने सरळ होते काय? होत असेल तर पुढे रुंद व उंच असलेले पादत्राण, बोटावर मऊ गादी आणि बोट ताणण्याचा व्यायाम यांनी बहुधा निभावते. व्यंग त्याने नाहीसे होत नाही, पण त्रास आटोक्यात राहतो. सांधा ताठ झाला असेल व दुखणे थांबत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. सांध्याचा थोडा भाग काढून बोट सरळ करतात आणि पुष्कळदा चार ते सहा आठवडे आत तार ठेवतात. मधुमेही रुग्णाचे बोट अजून लवचिक असून टोकाशी जखम होत असेल, तर बोट वाकविणारी कंडरा बारीक छेदाने सोडविता येते. त्यास फार काळ रुग्णालयात राहावे लागत नाही. मात्र पायास रक्तपुरवठा पुरेसा आहे की नाही, हे आधी तपासावे लागते.

कुरूप ब्लेडने कापणे किंवा त्यावर औषधी पट्टी लावणे मधुमेहींनी कटाक्षाने टाळावे. त्या पट्टीतील आम्ल चांगली कातडीही जाळते. चैत्रात सप्तशृंगगडाकडे पायी निघणाऱ्या भाविकांपैकी ज्यांच्या पायांना बधिरता आहे, त्यांनी अनवाणी चालण्याचा नवस बोलू नये. बोट सुजले असता जोडवी वेळीच काढावी. सुवासिनींना हे सांगणे जड जाते, हे आम्ही जाणतो; सूज उतरल्यावर उघड्या टोकांची, सैल जोडवी घालता येते.

देणगीदारांस एक गोष्ट मोकळेपणाने सांगावीशी वाटते. यंत्रासाठी देणगी मिळविणे तुलनेने सोपे असते, कारण यंत्रावर नावाची पाटी लावता येते. चपलेवर ती लावता येत नाही. पण कापलेल्या बोटाचा खर्च मांडताना रुग्णालयाचे देयक, बुडालेली मजुरी, सोबत आलेल्या मुलाचे खाडे आणि पुढील बोटावर वाढलेला भार हे सारे धरले, तर चपलेचा जोड फार स्वस्त पडतो.

चप्पल बनवून घेण्यासाठी पावलाचे माप कागदावर आखावयाचे असल्यास ते सायंकाळी, उभे राहून व दोन्ही पायांचे आखावे. दिवसभरात पाऊल किंचित फुगते, आणि दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात.