स्टेरॉइडची घटती मात्रा : आरोग्यव्यवस्थेची कसोटी

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी रूमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णास कॉर्टिझोन दिले आणि काही दिवसांतच वेदना ओसरल्या. या कार्यासाठी हेंच, केंडॉल व राइखस्टाइन यांना १९५० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र या औषधाच्या दीर्घ वापराचे दुष्परिणाम गंभीर आहेत आणि ते अचानक थांबविणेही धोक्याचे आहे, हे लवकरच स्पष्ट झाले. स्टेरॉइड सुरू करणे सोपे, सुरक्षितपणे कमी करणे अवघड; आणि आरोग्यव्यवस्थेची कसोटी याच अवघड टप्प्यावर लागते.

मात्रा टप्प्याटप्प्यानेच का?

मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी मेंदूकडून येणाऱ्या संदेशानुसार कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करतात. बाहेरून स्टेरॉइडचा भरपूर पुरवठा होऊ लागला की हा संदेश थांबतो. स्थूलमानाने तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ उपचार चालल्यास ग्रंथींचे कार्य मंदावू शकते. अशा वेळी गोळी एकाएकी बंद केल्यास अतीव थकवा येतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. प्रसंगी जीवावर बेतते. शिवाय मूळ आजार उसळण्याचा धोका असतोच.

ल्युपस या स्वयंप्रतिकार आजाराचे उदाहरण घेऊ. प्रेडनिसोलोनची मात्रा दररोज ४० मि.ग्रॅ. वरून ३५ वर आणली, तर घट साडेबारा टक्के होते. १० वरून ५ वर आणली, तर तीच ५ मि.ग्रॅ. ची घट पन्नास टक्के ठरते. म्हणूनच वरच्या मात्रेत मोठे टप्पे चालतात, १० मि.ग्रॅ. च्या खाली मात्र अनेकदा १-१ मि.ग्रॅ. ने, काही आठवड्यांच्या अंतराने उतरावे लागते. ४ ते ६ मि.ग्रॅ. ही मात्रा शरीराच्या नैसर्गिक गरजेइतकी मानली जाते. तेथे पोहोचल्यावर सकाळच्या कॉर्टिसॉलची तपासणी करून ग्रंथी पूर्ववत झाल्या की नाही, हे पाहता येते. दरम्यान हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, मायकोफेनोलेट यांसारखी औषधे आजार आटोक्यात ठेवतात. ताप किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी मात्रा तात्पुरती वाढवावी लागू शकते. हे सर्व निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचे असतात.

स्वस्त गोळी, महाग देखरेख

प्रेडनिसोलोन राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत असल्याने त्याची किंमत नियंत्रित आहे. खर्च वाढतो तो देखरेखीचा : वारंवार भेटी, रक्तशर्करा, रक्तदाब व हाडांची तपासणी, प्रवासभाडे आणि बुडालेली मजुरी. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये दाखविल्याप्रमाणे वैद्यकीय सेवेत रुग्ण व डॉक्टर यांच्याकडील माहिती समान नसते. बरे वाटू लागलेल्या रुग्णास गोळी निरुपयोगी वाटते आणि तो ती स्वतःच थांबवितो. उलट चिठ्ठीशिवाय औषध मिळाल्यास दुसरा रुग्ण वर्षानुवर्षे ती घेत राहतो. दोन्हींच्या मुळाशी देखरेखीचा अभाव आहे.

धोरणात्मक बाजूही लक्षणीय आहे. २०१८ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. परंतु ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. मात्रा उतरविण्याचे काम मात्र महिनोन् महिने बाह्यरुग्ण विभागात चालते. एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही प्रगती मोलाची असली, तरी दीर्घ आजाराच्या कुटुंबास उरलेला भार जड जातो.

तात्पर्य, औषधाची उपलब्धता म्हणजे उपचाराची उपलब्धता नव्हे. गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब व शर्करा तपासली गेली, मात्रेची लेखी नोंद रुग्णाच्या हाती राहिली आणि तज्ज्ञांचा सल्ला दूरसंपर्काने मिळाला, तर स्वस्त गोळी खऱ्या अर्थाने स्वस्त ठरेल.

अभ्यासासाठी प्रश्न : ‘विमा संरक्षण रुग्णालयापुरते मर्यादित असल्यास दीर्घकालीन आजारांचा आर्थिक भार पुरेसा कमी होत नाही.’ सोदाहरण चर्चा करा.