"सर, पूरा अस्सी?"

रुग्णालय चालविणारा डॉक्टर हा व्यवस्थापकही असतो, हे आपल्या अभ्यासक्रमात कोणी शिकवीत नाही. पगार वेळेवर देणे, रजा न्यायाने वाटणे हे तर हवेच. परंतु कर्मचाऱ्यांचा आदर मिळतो तो त्यांनी आपली चूक दाखविली असता आपण कसे वागतो, यावरून.

काही वर्षांपूर्वी इंदुरातील माझ्या रुग्णालयात एका रात्री दोन किलो वजनाच्या अर्भकासाठी मी जेंटामायसिन लिहिले. ८ मि.ग्रॅ. ऐवजी ८० लिहिले गेले. मोठ्यांसाठीची कुपी नेमकी ८० मि.ग्रॅ.ची येते, त्यामुळे आकडा डोळ्यांना खटकत नाही. मात्रा अधिक झाल्यास मूत्रपिंड व श्रवणशक्ती यांना धोका. नवख्या परिचारिकेने दबक्या आवाजात विचारले, "सर, पूरा अस्सी?" बाळाच्या आजीसमोरच मी तिच्यावर खेकसलो. तरीही तिने औषध भरले नाही. कागद पुन्हा माझ्यापुढे धरला.

एकान्तात क्षमा मागणे सोपे होते. अपमान मात्र चारचौघांत झाला होता. म्हणून सकाळी आजीबाई व सर्व कर्मचाऱ्यांसमोर चूक कबूल केली. (आमच्या जुन्या मावशींना हे मुळीच रुचले नाही!)

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या शस्त्रक्रिया-सुरक्षा सूचीत प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, अशी एक पायरी आहे. ओळख झालेला माणूस बोलू धजतो. आमच्याकडे आता मात्रेशेजारी प्रतिकिलो हिशेब लिहितात व दुसरी व्यक्ती तो पडताळते.

ती परिचारिका आज प्रमुख आहे. गेल्या महिन्यात तिने मध्यरात्री एका मात्रेविषयी दूरध्वनी केला. या वेळी माझा हिशेब बरोबर होता. आभार मानून पुन्हा झोपलो.